पाणीच सांडलं होतं

मुलीच्या लॅपटॉपवर पाणी सांडलं, असं मी घरात सांगितलं होतं. सांडला होता उसाचा रस. मला शुगर आहे, त्यामुळे रस पाण्याच्या बाटलीत भरून आणायचा आणि मुलगी अंघोळीला गेली की तिच्या टेबलाशी बसून घटाघटा संपवायचा, असा माझा नेम. घरात बायकोच्या नजरेआड तेवढीच एक जागा. घाईत बाटली कलंडली.

आता परभणीतल्या दुरुस्तीच्या दुकानात एका बाकड्यावर आम्ही तिघं. डावीकडे बायको, उजवीकडे मुलगी, मध्ये मी. उठायलाही जागा नाही.

कारागिरानं लॅपटॉप उघडला. "ताई, बोर्ड नवा टाकला तर मशीन पक्कं चालंल. पण तुमचा डेटा ह्याच बोर्डावर हाय, तो गेला. हाच दुरुस्त करायचा तर मोका एकदाच."

मुलगी कृषी विद्यापीठात शिकते. ज्वारीच्या प्लॉटच्या या हंगामाच्या सगळ्या नोंदी त्यातच होत्या. कॉपी फक्त गेल्या हंगामापर्यंतची.

"हाच करा," ती म्हणाली.

"सांडलं काय होतं?"

"पाणी," बायकोनं माझ्या वतीनं सांगून टाकलं.

"मग वरवर पुसून आत्ताच करंट देतो. गोडबीड असतं तर आधी सगळा बोर्ड धुवावा लागला असता. तसाच करंट दिला की खल्लास."

त्यानं वायर उचलली. बोललो तर बायको, नाही बोललो तर ज्वारी.

"थांबा! पाणी... जरा गोड होतं."

बायकोनं मान वळवली. "किती गोड?"

"आलं-लिंबू घातलेलं."

कारागीर भिंगातून बघत म्हणाला, "तरीच! चिकट लय हाय. साहेब, रोजचं गिऱ्हाईक का तुमी रसवंतीचं?"

मुलगी हसली नाही. बायको तर "हं" एवढंच म्हणाली. तो "हं" मला घरापर्यंत पुरला.

दोन दिवस धुणं-सुकवणं चाललं. तिसऱ्या दिवशी बोर्ड तासभर जागा झाला. मुलीनं सगळ्या प्लॉटच्या नोंदी उतरवून घेतल्या. मग तो कायमचा गेला, नि नवा बसवला.

बाटली आता बायकोच्या ताब्यात आहे. रोज सकाळी ती मेथीचं पाणी भरून देते आणि मी शेवटचा घोट घेईपर्यंत समोर उभी राहते. मुलगी तेवढ्यात लॅपटॉप उचलून दुसऱ्या खोलीत जाते.