दिगूच्या विमानातली नाल

दिगू गेल्याचा फोन आला तेव्हा मी ठाण्यात टेंभी नाक्यावर औषधांच्या दुकानात उभा होतो. फोन त्याच्या नातवाचा, ओंकारचा. ‘काका, आजोबा गेले...’ एवढंच तो बोलला. खरं सांगतो, मला रडू आलं नाही. डोळ्यांसमोर आलं ते विमान. कापड न चढवलेलं, नुसता लाकडी सांगाडा, आणि त्याच्या बरगड्यांतून इकडून तिकडे गेलेले रंगीत दोरे. मधोमध दिगू, तोंडात रिळाच्या दोऱ्याचं टोक धरून. सत्तरीतही माणूस मला ‘ए बी.एस्सी.!’ अशी हाक मारायचा. आता ती हाक मारणारं कुणी उरलं नाही.

मी ठाण्याच्या मिठागरात राबणाऱ्या घरातला. आमच्या अख्ख्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेला पहिला मीच, आणि हे मी आजही छाती पुढे काढून सांगतो. दिगू कल्याणचा, खाडीकाठचा. दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईत मलंगगडाच्या वाटेवर लष्कराने धावपट्टी बांधली, तिथे तो शाळा सोडून फिटरच्या हाताखाली लागला. पुढे मुंबईच्या एका फ्लाइंग क्लबात इंजिनं उघडायचा आणि त्या बदल्यात उडायला शिकायचा. स्वातंत्र्यानंतरची दोन-चार वर्षं गेली होती. मी ठाण्यात शाळेत विज्ञान शिकवत होतो. एका दुपारी हा शिक्षकांच्या खोलीत घुसला. ओळख ना पाळख.

‘तुम्ही बी.एस्सी. ना? वीज-चुंबक वगैरे येतं?’

‘येतं. का?’

‘मग चला. विमान बांधायचंय.’

मला वाटलं, वेडा आहे. पण वेड्याबरोबर गेलो, हे माझ्या आयुष्यातलं फार मोठं शहाणपण.

भाताच्या गिरणीमागे पत्र्याची शेड होती, तिच्यात पेट्या. देश सोडून जाणाऱ्या एका इंग्रज इंजिनिअरने दिगूला दिलेल्या. घरी जोडायचं, एका माणसाचं विमान. लढाईआधी विलायतेहून मागवलेलं आणि कधीच न जोडलेलं. लाकूड धड होतं, इंजिन धड होतं, नकाशेही होते. फक्त तारा आणि नळ्या कुठून न्यायच्या ते पान वाळवीने खाल्लेलं. मी हळहळलो. दिगू म्हणाला, ‘बरं झालं. आता आपण ठरवू.’

आणि काय ठरवलं आम्ही! महिनोन् महिने त्याने एक तार ओढली नाही. आधी दोरे. लाल विजेचा, हिरवा पेट्रोलच्या नळीचा. पंख आणि शेपूट हलवणाऱ्या पोलादी तारा तेवढ्या खऱ्या बसवलेल्या, आणि त्यांना गेरू फासलेला. जिथे गेरूचा डाग उमटेल तिथे तार घासतेय. मला सीटवर बसवायचा आणि समोरून हुकूम सोडायचा. ‘दांडा डावीकडे. पाय मार. आता जांभई दे.’

‘जांभई कशाला रे?’

‘वैमानिकाला जांभई येत नाही असं कुठे लिहिलंय? दे... हां! लागला ना कोपर दोऱ्याला?’ की तो दोरा सुटला. नवी वाट, नवी भांडणं. लाल-हिरवा एकाच बाजूने नेला तर लांबी वाचेल, असं मी एकदा सुचवलं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्या घरात चपला घालून शिरलोय. ‘देव्हारा आणि मोरी एका भिंतीला ठेवतोस का? तार वरून, नळी खालून. नळी गळली तर थेंब तारेवर पडता कामा नये.’ शनिवारी शाळा सुटली की मी जेवायलाही न थांबता कल्याण गाठायचो. असं वाटायचं, आपण उशिरा पोचलो तर तेवढ्यात हा उडून जाईल.

एकाच माणसाने तोंड फिरवलं होतं. दिगूची आई. तिला तो आय म्हणायचा, मग मीही. दिगूचा बाप खाडीत होडी उलटून गेलेला. आय शेडच्या दारापर्यंत यायची, चहाची किटली ठेवायची आणि विमानाकडे न बघता परत जायची. ‘पाण्यानं एक नेला, आता वाऱ्याला दुसरा दिऊ?’ दिगू उलट बोलायचा नाही. पण मला म्हणाला होता, ‘ती हो म्हणाल्याशिवाय चाकं उचलणार नाही.’ तारा ओढून झाल्या, कापड चढलं, रंग वाळला, तरी आयचा होकार नव्हता. आणि एके सकाळी ती अचानक म्हणाली, ‘उडव.’ आम्ही दोघं येड्यासारखे नाचलो. का म्हणाली, ते कुणी विचारलंच नाही.

मुंबईहून सरकारी तपासणी अधिकारी यायचे होते. ते पास म्हणाले तर उड्डाण. नाही तर पावसाळ्यात धावपट्टीचा चिखल, म्हणजे थेट दिवाळीनंतर. बैलगाडीमागे बांधून विमान धावपट्टीवर नेलं. खेळाच्या मैदानात आखतात तसं चुन्याने वर्तुळ आखलं, दिशा मांडल्या आणि विमान फिरवून होकायंत्र तपासायला घेतलं. होकायंत्र खोटं बोलत होतं! विमानाचं तोंड उत्तरेला, आणि काटा बघतोय भलतीकडे. दिवा लावला की आणखी उडी मारायचा. इथे मात्र माझा कॉलेजचा अभ्यास उभा राहिला. म्हटलं, दिव्याकडे जाणारी तार आणि परत येणारी तार वेगळ्या नेल्यात, त्यांना एकमेकींचा पीळ घाल, म्हणजे त्यांचं चुंबकत्व एकमेकींना मारेल. पीळ घातला. दिवा लावला, काटा ढिम्म. ‘बी.एस्सी. कामाला आली रे!’ म्हणून त्याने मला उचललंच. पण दिवा बंद असतानाचं खोटं तसंच. बॅटरी काढली, तरी तसंच. म्हणजे वीज नाही. लोखंड. कुठे तरी लोखंड.

अधिकारी परवा येणार. दिगू सीटवर उलटा झाला, पाय वर, डोकं खाली, आणि यंत्रांच्या फळीमागे हात घातला. मग बाहेर आला. हातात काळ्या दोऱ्यात गुंडाळलेली घोड्याची झिजकी नाल. गाठ मासळीच्या जाळ्याची, आणि जाळी विणायची ती आय. म्हणजे हे काम तिचंच.

मी म्हणालो, ‘सुटलो! ठेव खिशात. तिला कुठे कळतंय?’

तो म्हणाला, ‘तिने हो म्हटलंय ते हिच्या भरवशावर. ही काढून उडालो, तर तो होकार चोरीचा.’

घरी गेलो. आय तांदूळ निवडत होती. नाल बघून जराही दचकली नाही. ‘मीच बांधली. मग?’

‘आय, ही होकायंत्राला ओढते. मला वाट चुकीची दाखवेल.’

‘तुज्या बापाच्या होडीला नाल नव्हती.’ सूप खाली ठेवलं तिने. ‘नाल नाय तर तू नाय.’

दिगू तिच्या शेजारी मांडी घालून बसला. म्हणाला, ‘हीच जागा पायजे का? की विमानात असली म्हणजे झालं?’

आयने विचार केला. ‘तुज्यासंगं असली म्हंजे झालं.’

बस्स! पठ्ठ्या उडी मारून उठला. नाल तराजूत घातली, वजन घेतलं, तोल कुठे जाईल त्याचं गणित माझ्याकडून करून घेतलं, आणि होकायंत्रापासून सगळ्यात लांब, पार शेपटाकडे, लाकडाच्या कण्याला दोन पितळी बोल्टांनी ती जखडली. आय शेपटावर हात टेकवून बघत होती. विमानाला तिने हात लावलेला मी पहिल्यांदा पाहिला. पुन्हा वर्तुळावर गेलो. काटा शहाण्यासारखा उत्तरेला!

अधिकाऱ्यांनी दिगूचा नकाशा पसरला. लाल रेघा, हिरव्या रेघा, आणि शेपटाकडे काळ्या शाईचा ठिपका. पुढे अक्षरं दोनच : ‘आय’. ‘हे काय?’

‘माझी आई, साहेब,’ दिगू म्हणाला. ‘लोखंडी आहे, वजनात धरलीय, पक्की बांधलीय.’

साहेबांनी शेपटाच्या झाकणातून हात घालून नाल जोर लावून हलवून पाहिली. हलली नाही. सही केली.

त्याच आठवड्यात तो उडाला. मी आयच्या शेजारी उभा होतो. मलंगगडाच्या अंगाला तो ठिपका झाला, वळला, मोठा होत परत आला आणि दोन उड्या मारून उतरला. गिरणीवाले, गाडीवान, पोरंटोरं धावत सुटली. आय धावली नाही. चालत गेली, ती आधी शेपटाकडे. झाकण उघडायला लावलं, नाल चाचपली. ‘हाय जागेवर.’ आणि मग पोराच्या पाठीत असा काही धपाटा घातला, की तो दिगूला हवेतल्या कुठल्याही धक्क्यापेक्षा जास्त लक्षात राहिला.

पुढे ते विमान विकलं गेलं, आय गेली, आम्ही म्हातारे झालो. परवा मी दिगूच्या घरी गेलो होतो. अंगणात ओंकारची जुनी मोटरसायकल उभी. आजा-नातवाने मिळून पुन्हा उभी केलेली. तारा बघितल्या आणि जीव हरखला. दिगूचंच काम, जिथल्या तिथे. ओंकार म्हणाला, ‘काका, एक विचारू? मागच्या पत्र्याला आजोबांनी ही दोन भोकं पाडून ठेवलीत. इथे काहीच बसत नाही. मी विचारलं, तर नुसते हसले.’

ओंकारची आई दारात उभी होती. पोरगा या गाडीवरून पडेल या धास्तीने तिचा ओंकारशी वर्षभर अबोला चाललाय, हे मला ठाऊक होतं.

‘ही भोकं तुझ्यासाठी नाहीत रे,’ मी म्हणालो. ‘तुझ्या आईसाठी आहेत. तिला काय बांधायचंय ते तिला विचार.’

तिने माझ्याकडे पाहिलं, भोकांकडे पाहिलं आणि आत गेली. आतून डबे उघडल्याचे, काही तरी शोधत असल्याचे आवाज येत राहिले. ओंकारने पाना उचलला आणि वाट बघत उभा राहिला.