पोचा पडलेलं पातेलं

"पातेलं पुढं धाड गं, काटा तिकडं निघाला," कुडापलीकडून म्हातारी हळू आवाजात म्हणाली.

काटा म्हणजे मी. मावळातल्या बेडशाच्या वरच्या अंगाला असलेल्या त्या ठाकरवाडीत मला कुणी नावानं ओळखत नव्हतं. मी पिशवीत तराजू आणि वजनं घेऊन यायचे, चुलीपाशी बसायचे आणि घरातल्यांनी खाण्याआधी शिजलेलं अन्न मोजायचे. पुण्यात एम.ए.ला माझा विषय होता जगाचा अन्नप्रश्न. वर्गात गव्हाच्या बोटींबद्दल, अख्ख्या खंडांबद्दल बोलणं चालायचं. बोलायचे ते बाकीचे. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठी वाचता-लिहिता चांगलं येत होतं, पण परक्या माणसापुढे ते घशातच राहायचं. सरांनी मला मोजणीचं काम दिलं ते बहुधा म्हणूनच. वाडीतल्या बायकाही म्हणायच्या, "बाईपरास तिचा काटा बोलतोय."

रेशनवर अमेरिकेतून आलेली मिलोची लाल ज्वारी मिळत होती, ती ही वर्षं. पूर्वेकडे देशावर दुष्काळ होता. मावळात थोडाफार तरी पाऊस होता, आणि पाऊस आहे तिथे लोक पोटभर जेवत असणार, असं पुण्यात सगळ्यांनी धरलेलं होतं. श्रावणात खाचरं हिरवी दिसतात तेव्हाच घरातली कणगी रिकामी झालेली असते, हे लोणावळ्यात वाढूनही मला माहीत नव्हतं. तालुक्याचे एक साहेब लहान मुलांसाठी दूध आणि सुकडी वाटायचं केंद्र काढणार होते. केंद्र एकच मिळणार होतं. ते वाडीत येणार की खालच्या गावात, हे आमच्या मोजणीवरून ठरणार होतं.

मी नुकतीच म्हातारीच्या घरातून बाहेर पडले होते, म्हणून तिचं ते बोलणं कानावर पडलं; अर्थ तेव्हा लागला नाही. तिथे तिच्या सुनेनं, मी जिला मावशी म्हणायचे तिनं, माझ्यासमोर भात रांधला होता. मी आधी काठाला पोचा पडलेलं ते रिकामं पातेलं तोललं, मग भातासकट. मावशीची धाकटी मुलगी तेवढा वेळ पातेल्याकडेच बघत होती. पावलं सुजलेली, केस तांबूस, विटलेले. तिनं हात पुढे केला तशी मावशीनं तो चापटीनं मागे सारला. "काटा होऊ दे."

तोलून झाल्यावरही कुणी जेवायला बसलं नाही. "तुमी गेल्यावर बसू," मावशी म्हणाली. मला ते लाजणं वाटलं. ते मला कळण्यासारखं होतं.

पलीकडच्या घरात गेले तर भात तयार होता. "आदीच झाला बगा," तिथली बाई म्हणाली. मग पातेल्याचं वजन कळायला तो परातीत काढून घ्यावा लागला. रिकाम्या पातेल्याच्या काठाला पोचा होता. तराजूच्या दुसऱ्या पारड्यात मी मघाचीच वजनं टाकली आणि काटा मध्यावर थांबला.

तेवढ्यात दारात ती मुलगी आली. कुडाला धरून, एकेक पाऊल टाकत, पातेल्याच्या मागे मागे.

ती बाई हसली. "भाताचा वास सोडंना कारटी."

मी एकदा तिच्याकडे, एकदा पातेल्याच्या पोच्याकडे पाहिलं. मुलीमागून म्हातारी आली, तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तिला समजलं.

"काय बगती? साऱ्या वाडीनं मूठमूठ घातलीया त्यात. पाव्हणी दारात आली तर तिला थंडी चूल दावायची व्हय? सांजंला वाटून घिऊ."

"रोज काय खाता?" मी विचारलं. हा प्रश्न पहिल्या दिवशीच विचारायला हवा होता. पण आमच्या मोजणीची रीत अशी, की विचारायचं नाही, मोजायचं. कारण विचारलं तर माणसं खोटं सांगतात.

म्हातारीनं ओढ्याकडे बोट केलं. येता-जाता तिथे पाण्यात टोपली बुडवून ठेवलेली मी पाहिली होती. मला ते गुरांचं काहीतरी वाटलं होतं.

"कडू कंद. राख घालून उकडायचा, चकत्या करून वाहत्या पाण्यात ठिवायचा. कडूपणा ऱ्हायला की ओकाऱ्या. हिला दोनदा झाल्या."

मावशी बाहेर उभी होती. ती आत आली नाही. मी निघाले तेव्हा मात्र ओढ्यापर्यंत माझ्याबरोबर चालली. "ताई, कुटं सांगू नगा. थोरलीची सोयरीक चाललीया. आमी कंद खातो म्हणून कळलं तर लय हसत्याल."

मी मान हलवली. माझ्या मान हलवण्याचा अर्थ लोक आपापल्या परीनं लावत. तिनं तो 'नाही सांगणार' असा लावला.

त्याच आठवड्यात लोणावळ्याला, स्टेशनजवळच्या एका बंगल्यात, सर आणि तालुक्याचे साहेब बसले. मला मागच्या खुर्चीवर बसवलं. मधल्या टेबलावर बटाटेवडे होते, त्यांच्या तेलाचा वास पावसाळी हवेत जड झाला होता. येताना गाडीत सरांना सांगायचं मी ठरवलं होतं, पण सर वाचत होते, आणि मी खिडकीबाहेर बघत राहिले.

सरांनी वाडीचे आकडे वाचले. घरागणिक भात, पुरेसा.

"सुटलो," साहेब म्हणाले. "वाडीत जीप जात नाही हो. केंद्र गावातच काढू. खायला असताना दूध वर कशाला चढवायचं?" त्यांनी पेन उघडलं आणि एक वडा उचलला.

खालच्या गावातून दूध आणायला त्या सुजलेल्या पावलांनी कोण उतरणार होतं? मावशी सकाळीच मजुरीला जायची, म्हातारीला उतार झेपत नव्हता. मला ओढ्याकाठची मावशी आठवली, आणि तिच्यापुढे हललेली माझी मान. मी बोलले तर थोरलीची सोयरीक मोडेल, हे मला दिसत होतं. धाकटीचं काय होईल, तेही दिसत होतं.

मी उभी राहिले. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला आणि दोघांनी वळून पाहिलं.

"सर, तो भात एकच होता," मी म्हणाले. "मी पाहुणी, म्हणून रांधलेला. घरोघर मी तोच मोजला. तो वजा करा, आणि मग बघा त्या घरांत काय उरतं ते."