त्या मिशीला टाळ्या मिळाल्या तेव्हा

तुमच्या मुलाच्या शाळेत वेशभूषा स्पर्धा आहे, एक पोरगा लाखो माणसं मारणाऱ्याचा वेश करून येतो आणि त्याला पहिलं बक्षीस जाहीर होतं, तर तुम्ही टाळ्या वाजवाल की उठून उभे राहाल? उत्तराची घाई करू नका. आमच्या रायपुरात, गुढ़ियारीतल्या एका सरकारी शाळेत, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. उभी राहिली ती फक्त सुनंदामावशी, माझ्या आईची धाकटी बहीण, तिथली इतिहासाची शिक्षिका. ती गेली त्याला आता काही आठवडे झाले. मी समता कॉलनीतल्या छापखान्यात एका सभेची पत्रकं कापून घेत होते, तेव्हा आईचा फोन आला. शाळेतून येताना छातीत दुखलं, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. पत्रकं तशीच काउंटरवर राहिली...

काही वर्षांपूर्वीच्या त्या स्पर्धेचा विषय होता ‘महान नेते’. पवन नावाचा नववीतला पोट्टा काजळाची आखूड मिशी काढून आणि वडिलांचा खाकी शर्ट घालून जर्मनीचा तो हुकूमशहा झाला होता. त्याचं नाव मी लिहीत नाही. मावशीच्या वर्गातही ते सगळ्यात शेवटी यायचं, त्याने मारलेल्या माणसांबद्दल बोलून झाल्यावर. आपण मोडलेला देश पुन्हा उभा केला, असं पवन हिंदीत गरजला आणि पाहुणे खूश झाले. कडक माणूस म्हणजे मोठा माणूस, हे आपल्याकडे चहाच्या ठेल्यापासून दिवाणखान्यापर्यंत बोललं जातं. पोरगा ते ऐकूनच वाढला होता.

मी तेव्हा पेटले होते. आमच्या घरी वडिलांच्या रेल्वे युनियनची पत्रकं पाटीच्या आधी हातात आली, त्यामुळे अन्याय दिसला की मला मजकूर सुचतो. परीक्षकांविरुद्ध पत्रक काढून शाळेच्या फाटकावर वाटायचं मी ठरवलं. मावशीने चहा गाळता गाळता मोडता घातला. “पत्रक काढशील न् सारा पारा-मोहल्ला पवनले त्याच नावानं चिडवन. तुले गुन्हेगार पायजे, मले माहा पोट्टा पायजे.”

दुसऱ्या दिवशी तिने पवनला सांगितलं, की आता त्याच माणसाच्या शहरातल्या एका ज्यू शिंप्याचा मुलगा बनून ये. पवन गोंधळला.

“उसका ड्रेस कैसा रहता है, मॅडम?”

“जैसा तेरा है.”

“तो पता कैसे चलेगा कि यहूदी है?”

वर्ग हसला. मावशी म्हणाली, “नहीं चलता था, बेटा. इसीलिए तो उन लोगों ने कपड़े पर पीला तारा सिलवाया.”

मी पण तारा शिवून येऊ का, असं पवनने विचारलं तर ती नाही म्हणाली. माझ्या वर्गात कोणाच्या छातीवर निशाण लागणार नाही, नाटकातसुद्धा. यावर मी तिच्याशी भांडले; तारा लावला तर मुलांना भिडेल, असा माझा मुद्दा होता. “भिडन ना. ज्याले लावलं त्याले भिडन, बाकीच्याइले मजा येईन,” ती म्हणाली.

मग ती पुस्तकातला वंशसंहाराचा धडा स्वतःच्या पद्धतीने शिकवू लागली. आगगाड्या आणि छावण्या शेवटी. आधी अफवा, मग चुटके, मग दुकानावरचा बहिष्कार, मग शाळेतला वेगळा बाक. ज्यू कोण, हे सांगताना ती जर्मनीच्या आधी कोकणात जायची: तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवणारे, घरात मराठी बोलणारे ज्यू आपल्याकडे पिढ्यानपिढ्या राहिले आणि त्यांच्या वाटेला कोणी गेलं नाही. मुलं चकित व्हायची. तक्रारी आल्याच. पालकांपैकी एकजण शाळेत येऊन म्हणाले, की रायपुरात एक यहूदी नाही, मग हे रडगाणं कशाला? मावशीचं उत्तर तयार होतं: एकही नाही, तरी तुमचा मुलगा मोबाइलवर बघून सांगतो की जगातल्या सगळ्या बँका यहुद्यांच्या आहेत, ज्यांना कधी पाहिलं नाही त्यांचा एवढा राग आला कुठून, हेच मी शिकवते. एका मुलीने ज्यूंच्या देशाच्या आजच्या युद्धाचं विचारलं, तिथे तर लहान मुलं मरून राहिली आहेत. मावशीने तिला गप्प केलं नाही. तिथल्या सरकारला जाब विचार, जोरात विचार, पण अख्ख्या जमातीला शिवी देऊ नको. आणि मेलेल्या लेकराचा धर्म विचारून रडू नको, एवढंच सांगितलं. तक्रारींमुळे प्राचार्यांनी तिला त्या धड्यासाठी शनिवारचा शेवटचा, मुलं घरी पळतात तो तास दिला. तरी मुलं थांबायची.

शाळेतल्या शोकसभेत तिला शिस्तप्रिय म्हटलं, मनमिळाऊ म्हटलं. त्या धड्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. मी बसल्या जागी धुमसत होते. शेवटी प्राचार्यांना गाठून विचारलं, आता तो धडा कोण घेणार. ते सौम्यपणे म्हणाले, “कोर्स बहुत लंबा है. वो अध्याय बच्चे घर पर पढ़ लेंगे.” म्हणजे संपलं. तिने इतकी वर्षं जे लावून धरलं, ते एका वाक्यात बंद झालं.

मागच्या भिंतीला टेकून पवन उभा होता. आता तो भनपुरीत ट्रकच्या बॉडी बांधतो. तिचा वर्ग बघायचा आहे म्हणाला, म्हणून आम्ही दोघं वर गेलो. खोलीत नवी बाकं आली होती. तो दारातच थांबला. “दीदी, मॅडम हाजिरी बाद में लेती थीं. पहले पूछती थीं, आज कौन नहीं आया, और उसके घर कौन पूछने गया.” मग हळूच म्हणाला, “रोज पूछती थीं...”

प्राचार्यांविरुद्ध मी पत्रक लिहिणार होते. त्याऐवजी तुमच्याकडे एक काम मागते. या आठवड्यात घराजवळच्या सरकारी शाळेत जा आणि विचारा, वंशसंहाराचा धडा इथे कोण शिकवतं. मुलं घरी वाचतील, असं उत्तर आलं तर एक तास मागून घ्या, शिकवणारा शोधून आणा, आणि त्या तासाला स्वतः मागच्या बाकावर बसा. नाही म्हणाले तर पुन्हा जा.