नोएडात बुडालेलं जहाज

समुद्रात बुडालेलं जहाज बघण्यासाठी आम्ही पुण्याहून गाडी पकडली आणि थेट दिल्लीला निघालो. हसू नका. कोकणातल्या एका खाडीच्या तोंडाशी जुनं गलबत बुडालेलं आहे. ते मोजायला दिवाळीनंतर पाणबुड्यांची एक हौशी तुकडी जायची होती, आणि त्या तुकडीत शिरायची परीक्षा होती नोएडात! कारण परीक्षा घेणारे धिल्लों साहेब नौदलातून निवृत्त होऊन तिथे राहतात.

मला एकोणसाठ पूर्ण झालेली. साठीनंतर नवा माणूस घेत नाहीत, असा तुकडीचा नियम. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही. लहानपणी विहिरीत सूर मारून पडलेल्या बादल्या काढणारी मी, मला पोहण्याची भीती नव्हती. भीती होती जोडीदाराची. पाण्याखाली एकट्याने उतरायचं नसतं, जोडीनेच उतरायचं. माझी जोडी म्हणजे नवरा, सुहास. या माणसाला पाणी फक्त चहात आवडतं. माझ्यासाठी त्याने सहा महिने क्लास लावून डुबकी शिकून घेतली, आणि ते तो मला रोज ऐकवतो.

निजामुद्दीनला उतरून मेट्रोकडे गेलो. तपासणीच्या यंत्रात माझी पिशवी गेली आणि पट्टा थांबला. जवानाने आतून शिशाची वजनं लावलेला कमरपट्टा बाहेर काढला.

"आंटीजी, ये किसलिए?"

"डूबने के लिए," मी खरं ते सांगितलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग सुहासकडे पाहिलं. "अंकलजी, घर में सब ठीक है ना?"

सुहास तोंड पाडून म्हणाला, "बस, चल रहा है." मेला! तिथे मी अर्धा तास खुलासे देत बसले.

नोएडात माझी भाची सायली राहते. दिल्लीतच वाढलेली, आयटीत नोकरी. "मावशी, तू बिल्कुल पागल आहेस यार," असं म्हणत तिने मिठी मारली. सकाळी तिच्या सेक्टरच्या कोपऱ्यावर छोले-कुलच्यांची (मऊ मैद्याची रोटी आणि वर कांदा-लिंबू घातलेले छोले) गाडी लागते. मी एक कुलचा खाल्ला. सुहासने चार. "अरे, पाण्यात उतरायचंय," मी म्हटलं. "म्हणूनच, वजन लागतं ना!" तो म्हणाला.

पोहण्याचा तलाव एका क्लबात होता, चांगला खोल. तळाशी धिल्लों साहेबांनी जहाज बुडवलं होतं. जहाज म्हणजे दगड बांधलेल्या फळ्या, नांगर म्हणून करोल बागच्या बाजारातून आणलेला कुठल्याशा गाडीचा गंजका दांडा, आणि इकडेतिकडे पडलेली नऊ मडकी, प्रत्येकावर नंबर. मधोमध एक लांब टेप ताणून ठेवलेली.

"हाथ नहीं लगाना है," साहेबांनी बजावलं. बुडालेल्या जहाजावरची वस्तू उचलायची नसते. ती जिथे पडली तिथेच तिचा इतिहास असतो. म्हणून मधल्या टेपपासून प्रत्येक मडकं किती मीटर लांब आहे ते मोजायचं आणि पाटीवरच्या तक्त्यात लिहायचं. वेळ चाळीस मिनिटं. नवापैकी आठ मडकी बरोबर आली तर पास. शिवाय समुद्राचं गढूळ पाणी वाटावं म्हणून आमच्या मुखवट्यांच्या काचांवर धुरकट प्लास्टिक चिकटवलेलं.

पाठीवर हवेच्या टाक्या बांधून उतरलो. मोजायच्या टेपचं एक टोक सुहासकडे, दुसरं माझ्याकडे. गळ्यात एकेक पाटी आणि पेन्सिल. पाण्याखाली बोलता येत नाही, आणि तीस वर्षांच्या संसारात न बोलता काही मोजायची आम्हाला सवय नाही. घरी पडद्याचा दांडा लावायचा तरी शेजारी गोळा होतात. शेवटी मीच पाटीवर लिहिलं, "टेप ताण."

त्याने त्याच्या पाटीवर लिहिलं, "ताणलीय."

"तीन नंबर २.१० नाही. डोळे उघड."

"उघडेच आहेत. तुझं टोक मडक्याला नाही, माझ्या पायाला लागलंय!"

"मग पाय काढ. पुन्हा मोज."

"२.३०. आता?"

"आता बरोबर."

असं प्रत्येक मडक्यापाशी. मध्येच छोल्यांचा ढेकर येऊन सुहासच्या तोंडून बुडबुड्यांचा असा लोट उठला, की काठावर सायलीने किंकाळी फोडली म्हणे. सात नंबरपाशी तो थकला होता. त्याने लिहिलं, "४.७५." मी लिहिलं, "४.२५. चष्मा बदल." त्याने लिहिलं, "बरं. तुझंच खरं."

वर आलो तेव्हा पाट्या पाहिल्या. तक्त्याभोवतीची सगळी जागा भांडणाने भरलेली, आणि तक्ता कोरा! मला रडूच फुटलं. खोटं कशाला बोलू, या वयात तलावाच्या काठावर टॉवेल तोंडाला लावून रडले.

धिल्लों साहेब पाट्या उलटसुलट करत होते. "ये क्या लिखा है?"

"लड़ाई," सायली म्हणाली.

"पढ़ो."

तिने हिंदीत करून सगळं वाचलं, 'डोळे उघड' आणि 'पाय काढ'सकट. परीक्षेला आलेल्या बाकीच्या जोड्या पोट धरून हसत होत्या. साहेब मात्र हसले नाहीत. खाली मान घालून ते एकेक आकडा आपल्या यादीशी ताडून बघत होते.

"आठ सही," ते म्हणाले. "पास."

मी टॉवेल खाली घेतला. "कसं काय?"

"आप हर घड़े पर लड़े, तो हर घड़ा दो बार नापा. बस सात नंबर ग़लत है. वहाँ सर ने बोला चार पचहत्तर, वो सही था. फिर सर मान गए."

सगळे टाळ्या वाजवत होते. सुहास कान साफ करत होता, आपण काही ऐकलंच नाही असं दाखवत. मला आनंद झाला, अगदी उडी मारावीशी वाटली, आणि त्याच वेळी लाजही वाटली. "बरं, तुझंच खरं" हे मी तीस वर्षं ऐकत आलेय आणि दर वेळी मीच जिंकले असं समजत आलेय. घरात अशी किती मडकी चुकीच्या जागी बसली असतील, देव जाणे.

परतीच्या दिवशी फलाटावर आमचा डबा सापडेना.

"पुढे असेल," सुहास म्हणाला.

"मागे," मी म्हटलं.

त्याने बॅगा उचलल्या. "बरं, तुझंच..."

"थांब," मी त्याचा दंड धरला. "आधी भांड माझ्याशी."

 मग त्याने बॅगा खाली ठेवल्या, बाह्या वर केल्या आणि अख्ख्या फलाटाला ऐकू जाईल असा भांडला. डबा पुढेच होता.