वल्ह्याचा शेंडा

औरंगपुऱ्यातला पुंजाराम सुतार लाकूड हातात आलं की आधी त्याचा बुडखा कुठला आणि शेंडा कुठला ते बघायचा. झाड जसं उभं होतं तसाच खांब उभा करायचा. उलटा केला तर घराला बाधतो, हे त्याला बापाने शिकवलेलं. आयुष्यात एकदाच, घाईगडबडीत, त्याने स्वतःच्या ओसरीचा खांब उलटा बसवला. त्याच साली त्याची बायको द्वारकाबाई तापाने गेली. ताप होता हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं, पण पुंजारामला समजावणार कोण? आपणच तिला मारली, असं तो धरून बसला.

आणि नेमक्या अशा माणसाकडे जब्बार आला. लहानपणापासूनचा दोस्त, छावणीतल्या गोऱ्या साहेबाचा खानसामा. साहेब विलायतेला परतताना आपली चिंचोळी, एकट्यापुरती होडी त्याला देऊन गेला होता. वल्हं मात्र मोडलेलं. जब्बारने तुकडे पुढ्यात ठेवले.

"दोन्हीकडं पातं? दोघं बसता काय?"

"अकेलाच रे! एकदा इकडं, एकदा तिकडं." जब्बारने ओट्यावर बसून हवेतच वल्हवून दाखवलं.

पुंजारामचं डोकं गरगरलं. बुडखा पाण्यात, ठीक. पण मागोमाग शेंडाही पाण्यात! कसंही धरा, एक टोक उलटंच. दोन लाकडांचे शेंडे मधोमध जोडले तर दोन्ही टोकांना बुडखे येतील; पण भर तलावात जोड निखळला तर? जब्बारला पोहता येत नव्हतं. पुंजाराम सागवान उचलायचा, फिरवायचा, पुन्हा ठेवून द्यायचा. जेवणावरची वासनाच उडाली त्याची.

शेवटी त्याने अखंड लाकूडच घेतलं. वाकसाने तासलं, रंध्याने गुळगुळीत केलं, आणि जब्बार होडी घेऊन तलावात उतरला तेव्हा काठावर जीव मुठीत धरून उभा राहिला. शेंडा पाण्यात गेला की हा डोळे मिटायचा.

जब्बार तलावभर फिरून आला. "मख्खन है, पुंजा!"

पुंजारामने ओल्या शेंड्यावरून हात फिरवला. "जब्बार, तुला तर काय झालं नाय. मंग माझी द्वारका कशानं गेली रे?"

"बुखारानं, भाई. दुसरं काय?"

पुंजाराम मटकन चिखलात बसला आणि हमसून हमसून रडला. सुटलो म्हणून, की इतकी वर्षं उगाच जळलो म्हणून, ते त्याचं त्यालाच कळेना.