रिसाल्यातल्या तलवारीचा नंबर

मला जुन्या तलवारींचा नाद होता. त्यातही घोडदळाच्या, शंभरेक वर्षांपूर्वीच्या. उल्हासनगरात एक सिंधी भंगारवाला होता. लोखंडाच्या ढिगात काही लांबट, वाकडं सापडलं की ‘साईं, ओरिजनल पीस है!’ म्हणत तो माझ्या गळ्यात मारायचा. निम्म्या तर नाटकातल्या निघाल्या. अंबरनाथ पश्चिमेच्या आमच्या दोन खोल्यांत कपाटामागे सात तलवारी झाल्या, तेव्हा बायको म्हणाली, "आता एक घोडा आणा, म्हणजे सुटलो!"

नव्वद सालाच्या आसपास बारवी धरणाकडच्या पाड्यावरचे एक म्हातारबाबा विचारत विचारत घरी आले. गोणपाटात तलवार होती. विकायची नव्हती.

"माज्या आज्याची हाय. रिसाल्यात, घोड्यावरच्या पलटणीत व्हता तो. गाव म्हणतं, सायबाच्या बंगल्यातून चोरली. आता नातीची सोयरीक जुळतेय, तर तिथंबी कुणीतरी चोराचं घर म्हणून सांगितलं. मुठीपाशी नंबर हाय, पयले बोटाला लागायचा. तेवढा वाचून कागदावर लिवून द्या."

मागणं रास्त होतं. पलटणीचा नंबर शिपायाच्या तलवारीवर असायचा. साहेब लोक आपली तलवार स्वतः विकत घ्यायचे, तिच्यावर तो नसे. म्हणजे नंबर निघाला की तलवार साहेबाच्या बंगल्यातली नाही, हे ठरत होतं. पण दर दसऱ्याला तेल-शेंदूर चढून मुठीवर जाड थर बसला होता, वाचता काही येईना. ठेवून जा म्हटलं.

मी कारखान्यात हत्यारं बनवणाऱ्या टूलरूमचा माणूस. लोखंड चकाकलंच पाहिजे, एवढंच डोक्यात. खंडेनवमीला कंपनीत आम्ही मशिनी, हत्यारं घासूनपुसून पूजेला लावायचो, त्यात ही तलवारही नेली. थर हाताने खरवडायचा कंटाळा केला आणि सरळ लोखंड घासायच्या एमरीच्या चाकाला लावली. पाच मिनिटांत लखलखीत! सगळ्यांनी वाहवा केली, मीही फुशारलो. मग नंबर वाचायला चष्मा लावला, तर मूठ गुळगुळीत. गंजून उथळ झालेले आकडे थराबरोबर गेले होते. मूर्खासारखा मूर्ख मी!

माझ्याकडच्या दुसऱ्या तलवारीवरचा नंबर लिहून द्यावा, असंही मनात आलं. नाही दिला. रविवारी बदलापूरला उतरून पाड्यावर गेलो. तलवार बघून बाबा हरखले. नातीला हाक मारली, शेजाऱ्यांना बोलावलं. त्या सगळ्यांसमोर मला नंबर घासून गेल्याचं सांगावं लागलं. लाजेने मान वर होईना.

बाबांनी गुळगुळीत मुठीवरून बोट फिरवून पाहिलं. मग हळूच म्हणाले, "पुसायच्या आधी तुमी तरी वाचला असंल ना, सायेब?"

"नाही," मी म्हणालो.