मामांनी फोडलेले डच शब्द

आमच्या मामांच्या तावडीतून अखंड सुटलेला जोडशब्द मी तरी पाहिला नाही. साताऱ्याच्या शाळेत उभा जन्म व्याकरण शिकवलेला माणूस! पानात पुरणपोळी पडली की आधी ‘पुरण घालून केलेली पोळी, मध्यमपदलोपी’ म्हणणार आणि मग तूप मागणार. मामी करवादायच्या, “अहो, विग्रह पुरे, पोळी गार होतेय!”

दोन हजार सतराच्या उन्हाळ्यात मामा आयर्लंडमध्ये गॉलवेला लेकीकडे आले. एकुलती एक ऋजुता तिथल्याच कंपनीतल्या एका डच मुलाशी लग्न करून त्याच्या देशात राहायला जाणार होती. मुलगा मामांना पसंत होता. “पण पोरगी आपली राहते का गं?” एवढंच मला पुनःपुन्हा विचारायचे. मी डब्लिनच्या चेरीवूडहून शनिवारी गाडी हाणत जावं, तर हे गृहस्थ मांडीवर शब्दकोश घेऊन होणाऱ्या जावयाच्या भाषेचे सांधे सोडवत बसलेले. डच लोक शब्दाला शब्द चिकटवतात, मध्ये जागाच सोडत नाहीत. मामांना घबाडच मिळालं! एक शब्द त्यांनी ‘फाल्क-आऊल’ असा फोडला. “ससाणा आणि घुबड, द्वंद्व समास!” जावई पोट धरून हसला. तो निघाला ‘फाल-काऊल’, म्हणजे पडायचा खड्डा. “अरेच्चा, मी पाहुणचाराचं पाहुण-चार केलं की! चौघांनाच जेवण!” मामा म्हणाले. त्यांचा तो घशाच्या तळातून काढलेला डच ‘ख’ ऐकून तर आयरिश शेजारीण काळजीने दारात आली होती, “युवर मॅन इज ग्रँड, इज ही?” म्हणजे, हे बरे आहेत ना?

मग मुलाची आई आली. तिला इंग्रजी बेताचंच, म्हणून मामांनी एक डच वाक्य घोकलं होतं : ही तुमची ‘स्खोनडॉख्तर’, म्हणजे सून. ‘स्खोन’ सुंदर, ‘डॉख्तर’ मुलगी. आम्हाला मेलं डॉक्टरच ऐकू यायचं. मामा उभे राहिले, ‘स्खोन’पर्यंत आले आणि थांबले. पुढचं पद काही तोंडातून बाहेर पडेना. शेवटी त्या बाईंनीच उठून त्यांचा हात हातात घेतला आणि हळूच म्हणाल्या, “डॉख्तर.”

ऋजुताला रडू फुटलं. मामा तिच्यावर वर्गात ओरडावं तसे ओरडले, “देवाचं घर, देवघर. मधला, नातं सांगणारा ‘चं’ गळला. ऐकू येत नाही, म्हणून काय देव घर सोडून गेला? गप्प बस बघू!” आणि तिच्या खांद्यावर डोकं ठेवून स्वतःच हमसाहमशी रडले.